प्रमाणपत्रावर नाव कोणाचे?



दिवाळीची सुट्टी संपली की आपल्याकडील बऱ्याच घरांत हल्ली एक निमंत्रण येते. वर पृथ्वीच्या गोलाचे चित्र असते, खाली दहा-बारा देशांचे ध्वज असतात, आणि मधोमध ठळक अक्षरांत लिहिलेले असते की आपल्या पाल्याची ‘नेतृत्व आणि संघकार्य’ या विषयावरील आंतरराष्ट्रीय विद्यार्थी परिषदेसाठी निवड झालेली आहे. परिषद कधी पुण्या-मुंबईस असते, कधी दिल्ली-हैदराबादेस, तर कधी थेट परदेशात. आई-वडिलांना आनंद होतो, आजी देवापुढे साखर ठेवते, आणि मग शुल्काचा आकडा वाचून झाल्यावर तो कागद घरातील हिशेब जाणणाऱ्या माणसाकडे येतो. आयुष्य बँकेत गेल्यामुळे आमच्या नात्यागोत्यात तो माणूस मी आहे.

असे पाच-सहा कागद गेल्या काही वर्षांत माझ्या हातून गेले. एका कुटुंबाने तर परदेशातील परिषदेसाठी मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडावी काय, असा सल्ला विचारला होता. तेव्हा या विषयावर एकदा सविस्तर लिहावे असे मनात होते. परिषदा वाईट आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. मुलांनी घाट ओलांडून बाहेर पडावे, वेगवेगळ्या प्रांतांच्या आणि देशांच्या मुलांशी बोलावे, यासारखी चांगली गोष्ट नाही. परंतु ‘नेतृत्व’ आणि ‘संघकार्य’ हे दोन शब्द एकाच ओळीत छापले म्हणून ते एकत्र नांदतातच असे नाही. आणि मूल त्यांपैकी नेमके काय शिकून परत येते, हे पुष्कळदा त्या परिषदेत बक्षीस कोणाला दिले जाते यावर ठरते.

प्रथम या परिषदांचे स्वरूप पाहू. त्यांतील सर्वांत जुना आणि रुळलेला प्रकार म्हणजे अभिरूप संयुक्त राष्ट्रसभा. मुले तिला ‘एमयूएन’ म्हणतात. याचे मूळ संयुक्त राष्ट्रांहूनही जुने आहे. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ स्थापन झाला, आणि १९२० च्या दशकातच अमेरिकेतील काही विद्यापीठांत विद्यार्थी त्या संघाच्या लुटुपुटीच्या सभा भरवू लागले. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघटना अस्तित्वात आल्यावर या सभांनीही नाव बदलले. हार्वर्ड विद्यापीठातील परिषद १९५५ पासून भरते. आता ही प्रथा जगभर पसरली असून आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीपासून अनेक शाळा-महाविद्यालयांपर्यंत ती चालते.

पद्धत मोठी रंजक आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक देश वाटून दिला जातो. चिखलीचा मुलगा नॉर्वेचा प्रतिनिधी होतो, शेगावची मुलगी ब्राझीलची. आपल्या वाट्यास आलेल्या देशाची भूमिका अभ्यासून आधी एक-दोन पानांचे टिपण लिहायचे असते. मग समितीत भाषणे होतात. वक्त्यांची यादी अध्यक्षांच्या हाती असते आणि वेळ मिनिटाच्या हिशेबाने मोजला जातो. त्यानंतर सभा थोडा वेळ स्थगित होते, मुले खुर्च्यांवरून उठतात, कोपऱ्याकोपऱ्यांत घोळके जमतात, आणि ठरावाचे मसुदे तयार होऊ लागतात. मसुदा मांडणारे देश वेगळे, त्यावर चर्चा व्हावी एवढ्यापुरती स्वाक्षरी करणारे देश वेगळे. शेवटी मतदान होते. आपल्याला न पटणाऱ्या देशाची बाजू त्याच्या खुर्चीत बसून मांडायची, हा यातील सर्वांत मोलाचा भाग. अनेकांताची भाषा आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते. पण दोन भावांच्या वाटणीत समोरच्याच्या खुर्चीत बसून पाहण्याचा प्रसंग आला की ती किती जणांना आठवते, हे वाचकांना सांगावयास नको.

येथवर सारे उत्तमच आहे. अडचण समारोपाला येते. बहुतेक परिषदांत शेवटच्या दिवशी ‘सर्वोत्कृष्ट प्रतिनिधी’ निवडला जातो, त्याखालोखाल ‘उल्लेखनीय प्रतिनिधी’ वगैरे श्रेणी असतात, आणि ढाल-प्रमाणपत्रे वाटली जातात. मुले हुशार असतात. बक्षीस कशाला मिळते हे त्यांना पहिल्या दिवशीच उमगते. मग भाषणाची संधी सोडायची नाही, मसुद्यावर आपले नाव पहिले यावे म्हणून धडपडायचे, दुसऱ्या गटाचे चांगले कलम आपल्या मसुद्यात घेऊन त्यांचे नाव मागे ठेवायचे, असे प्रकार होऊ लागतात. संघकार्याच्या परिषदेत संघाला बक्षीसच नसते. हा दोष मुलांचा नाही. शाखेत ठेवींच्या उद्दिष्टासाठी व्यक्तिगत बक्षीस लावले की एकाच ग्राहकाकडे दोन कर्मचारी वेगवेगळ्या वेळी जाऊन पोचतात, हे मी पाहिलेले आहे. मोठ्या माणसांचे असे होते, तर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना बोल कसा लावावा?

यावर काही उपाय आहे काय, तर आहे, आणि तो जुना आहे. नेदरलँड्समधील हेग या शहरात १९६८ पासून शालेय विद्यार्थ्यांची एक मोठी आंतरराष्ट्रीय अभिरूप राष्ट्रसभा भरते. ‘थायमन’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. जगभरच्या शाळांतील मुले जानेवारीत तेथे जमतात. तिचा एक नियम मला फार आवडतो: तेथे कोणालाही बक्षीस दिले जात नाही. सर्वोत्कृष्ट कोणी नाही, उत्तेजनार्थही कोणी नाही. ज्या संस्थेचे अनुकरण करायचे ती देशांनी एकमेकांशी जमवून घ्यावे म्हणून निघाली, तेव्हा तिच्या नकलेत कोण जिंकले हा प्रश्नच गैरलागू, असा त्यामागचा विचार आहे. तेथील कामाचा आरंभही घोळक्यांतील बोलण्याने होतो. आपापले मसुदे घेऊन आलेली मुले समान विचारांचे सोबती शोधतात आणि तीन-चार मसुद्यांचा एक मसुदा करतात. आपल्या लाडक्या वाक्यावर काट मारू देण्याची सवय येथे लागते.

खऱ्या राष्ट्रसभेतही असेच चालते. तेथे आज १९३ सदस्य देश आहेत. बातम्यांत आपण नकाराधिकाराच्या आणि मतदानाच्या हकिगती वाचतो; पण आमसभेचे बहुसंख्य ठराव मतदानाविना, सर्वसंमतीने मंजूर होतात. म्हणजे खरे काम सभागृहातल्या भाषणाआधीच, शब्दावर शब्द घासून कोणीतरी केलेले असते.

याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्राशी जोडलेले आहे. हंसा मेहता यांचा जन्म १८९७ चा, सुरतेचा. पण त्यांचे सार्वजनिक जीवन घडले ते मुंबईत. त्या मुंबईच्या कायदेमंडळात होत्या, महर्षी कर्व्यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या, घटना समितीच्या सदस्य होत्या. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतीय स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज सभागृहास अर्पण करण्याचा मान त्यांचा. याच काळात त्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. आयोगात अठरा सदस्य होते आणि एलिनॉर रूझवेल्ट अध्यक्षस्थानी होत्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यात जो शब्द होता त्याचा अर्थ ‘माणसे’ असा घेता येई तसा ‘पुरुष’ असाही घेता येई. हंसाबाईंनी आग्रह धरला की तेथे निःसंदिग्ध ‘मानव’ हाच शब्द हवा. पुष्कळांना वाटत होते की एवढ्या शब्दाने काय बिघडते. जुन्या शब्दात स्त्रिया आल्याच! हंसाबाईंचे म्हणणे असे की ज्या देशांत स्त्रियांना हक्क द्यायचेच नाहीत, ते या एका शब्दाचा आधार घेतील. त्यांनी तो मुद्दा सोडला नाही. शब्द बदलला. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे जाहीरनामा मंजूर झाला तेव्हा ४८ देश अनुकूल होते, विरोधात एकही नव्हता आणि ८ तटस्थ राहिले. जाहीरनाम्याच्या खाली हंसाबाईंचे नाव नाही. त्या पहिल्या कलमातून त्यांचा शब्द मात्र अजून कोणी काढलेला नाही.

आजच्या एखाद्या विद्यार्थी परिषदेत त्या असत्या तर त्यांना कोणते बक्षीस मिळाले असते, असा प्रश्न मला पडतो. एका शब्दासाठी भांडत बसलेली मुलगी सभेचा वेळ खाते, असा शेराही कदाचित मिळाला असता.

संघकार्य म्हणजे काय हे मला कोणत्याही व्याख्यानाने शिकवले नाही. ते बँकेच्या तिजोरीने शिकवले. ज्यांनी बँकेत नोकरी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. शाखेची रोख रक्कम ज्या कोठडीत ठेवतात तिला ‘स्ट्राँगरूम’ म्हणतात, आणि तिचे कुलूप एका चावीने उघडत नाही. एक चावी रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार हलत नाही. शाखा व्यवस्थापक हुद्द्याने कितीही मोठा असला तरी त्याच्या नुसत्या हुकुमाने ते उघडत नाही. बाहेरच्या माणसाला यात अविश्वास दिसतो. आम्हांला त्यात निश्चिंती दिसे. सायंकाळी दोघांनी मिळून रक्कम मोजली, दोघांनी वहीत सह्या केल्या, दोघांनी चाव्या फिरवल्या, की रात्री दोघांनाही झोप लागे. आपला सहकारी प्रामाणिक आहे यावर माझा विश्वास असे. परंतु त्याच्यावर एकट्याने प्रामाणिक राहण्याचा भार पडू नये, एवढी सोय त्या कुलपाने केलेली असे.

दुसरा धडा ‘बॅलन्सिंग’चा. संगणक येण्यापूर्वी बचत खात्यांची जाडजूड लेजरे असत. ठरावीक मुदतीने प्रत्येक खात्याची शिल्लक उतरवून त्यांची बेरीज मुख्य वहीतील आकड्याशी जुळवावी लागे. ती पहिल्या फेरीत क्वचितच जुळे. मग फरक शोधणे आले. फरकाला नऊने भाग गेला तर कोठेतरी अंकांची अदलाबदल झालेली असण्याचा संभव, पंचेचाळीसचे चोपन्न लिहिले गेलेले. फरकाची निम्मी रक्कम एखाद्या नोंदीशी जुळली तर नावेची रक्कम जमेला पडलेली. हे आडाखे सर्वांना ठाऊक असत, तरी फरक सापडे तो बहुधा अशा एखाद्या कारकुनाला, जो दिवसभर फारसा बोलत नसे. घाटाखालच्या एका शाखेत मी असताना तेथील व्यवस्थापक अशा रात्री स्वतः एक लेजर ओढून घेत आणि आकडे वाचून दाखवत. समोरचा कनिष्ठ कारकून टिकमार्क करी. आकडे वाचण्याचे काम कनिष्ठाचे समजले जाई. साहेबांनी ते मुद्दाम आपल्याकडे घेतले होते, कारण वाचणाऱ्याची चूक पकडण्याचा अधिकार टिकमार्क करणाऱ्याला असतो. रात्री नऊ वाजता एक नवा मुलगा शाखाधिकाऱ्याला म्हणतो, “साहेब, परत वाचा, तुम्ही एक ओळ सोडली,” आणि साहेब मुकाट्याने परत वाचतात, हे दृश्य मी पाहिले आहे. नेतृत्वावर पुढे बँकेने आम्हांला दोन-तीन प्रशिक्षण शिबिरांना पाठवले. भोजन उत्तम होते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळतो. कारण संघकार्याचे धडे घ्यायला बुलढाण्याच्या मुलांनी हेगला जाण्याची गरज नाही. २०१८ सालचा उन्हाळा त्यांच्यापैकी मोठ्यांना आठवत असेल. त्या वर्षी जिल्ह्यात दुष्काळमुक्तीसाठी मोठे काम उभे राहिले. भारतीय जैन संघटनेने शंभराहून अधिक जेसीबी आणि पोकलेन यंत्रे जिल्ह्यात आणली. आपल्या संघटनेची पाठ थोपटण्यासाठी हे लिहीत नाही. मला त्या कामाची रचना दाखवायची आहे. यंत्रे संघटनेची, यंत्रांचे डिझेल शासनाचे, आणि तलावातून निघालेला गाळ स्वखर्चाने आपल्या शेतात वाहून न्यायचा शेतकऱ्यांनी. तिघांपैकी एकजण मागे हटला असता तर काम तेथेच थांबले असते. यंत्र आहे पण डिझेल नाही, तर यंत्र उभे. दोन्ही आहे पण ट्रॅक्टर लावणारा शेतकरी नाही, तर काढलेला गाळ काठावरच पडून राहणार आणि पहिल्या पावसात पुन्हा तलावात उतरणार. बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या होत्या, या तलावांना तीन होत्या. शेतकऱ्याला शेतासाठी गाळाची सुपीक माती मिळाली, तलावात पाण्याला जागा झाली. त्यात कोण नेता आणि कोण अनुयायी हे मला सांगता येणार नाही.

त्याच उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा चालू होती. त्या वर्षी मोताळा तालुक्यातील सिंदखेड या गावाने राज्यात दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक विभागून मिळवले. (जिजाऊंचे सिंदखेड राजा ते वेगळे, बाहेरगावच्या वाचकांचा घोटाळा होऊ नये म्हणून सांगितले.) या स्पर्धेची आखणी अभ्यासण्यासारखी आहे. आरंभी गावातील मोजक्या स्त्री-पुरुषांना पाणलोटाच्या कामाचे प्रशिक्षण मिळे. ते गावी परतून इतरांना शिकवीत. मग ठरावीक दिवसांत श्रमदान आणि यंत्रांच्या साह्याने चर, बांध, शेततळी करायची, आणि झालेल्या कामाची मोजणी घनमीटरमध्ये व्हायची. भाषणाला गुण नव्हते. मुख्य म्हणजे बक्षीस गावाला होते. एखाद्या तरुणाने एकट्याने रात्रंदिवस खोदले तरी त्याच्या नावाने ढाल येणार नव्हती; त्याला शेजाऱ्याच्या दारात जाऊन, गेल्या निवडणुकीतील अबोला बाजूला ठेवून, “उद्या पहाटे येता का?” असे विचारावेच लागे. अबोला सोडण्याचे श्रेय मी त्या तरुणाइतकेच स्पर्धेच्या नियमाला देतो.

विद्यार्थ्यांच्या कामातही असे उदाहरण आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील, म्हणजे सीओईपीतील, विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा जेमतेम एक किलो वजनाचा उपग्रह बांधला. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ या प्रक्षेपकाने तो इतर एकोणीस उपग्रहांसमवेत अवकाशात नेला. कामाचा आरंभ झाला होता २००८ मध्ये. अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि उपग्रहाला लागली आठ. ज्यांनी पहिली आकृती काढली ते प्रक्षेपणाच्या कितीतरी आधी पदवी घेऊन बाहेर पडलेले होते. जाताना त्यांना आपली टिपणे, आपल्या चाचण्यांचे आकडे, आपल्या फसलेल्या प्रयोगांची नोंद पुढच्या तुकडीच्या हवाली करावी लागली असणार. नाहीतर दर चार वर्षांनी शून्यापासून सुरुवात झाली असती. बदलीच्या वेळी आम्ही ‘चार्ज’ देत असू, तो कसा दिला यावरून अधिकाऱ्याची पारख होई. त्याची आठवण मला या विद्यार्थ्यांमुळे झाली.

मुदत ठेवीविषयी विचारणाऱ्या त्या कुटुंबाकडे येतो. मुलगी अकरावीत, वडिलांचा कापसाचा व्यापार, घर मलकापूरकडचे. मी त्यांना काही प्रश्न लिहून दिले आणि उत्तरे आयोजकांकडून लेखी मागवा असे सांगितले. ‘निवड’ कशाच्या आधारे झाली? मुलीने काही लिहून पाठवले होते काय, की शाळेच्या यादीवरून सर्वांनाच पत्र गेले? जाणे रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल? मुलींच्या निवासाच्या ठिकाणी रात्री जबाबदार व्यक्ती कोण असेल? प्रवास, व्हिसा, विमा शुल्कात धरला आहे की वेगळा? समितीत किती मुले असतील, म्हणजे प्रत्येकाला बोलायला आणि लिहायला वाव किती? (आपल्याकडे पहिला प्रश्न सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाचा येतो. तो जरूर विचारावा. पण त्याचे उत्तर समाधानकारक आले म्हणजे बाकीचेही तसेच असणार, असे समजू नये.) आलेल्या उत्तरांत शुल्क परतीबद्दल एक अक्षर नव्हते. ठेव मोडली नाही. त्याऐवजी मुलगी पुण्याच्या एका दोन दिवसांच्या परिषदेला गेली, शिक्षिकेसोबत, रेल्वेने.

तिला भूतान मिळाला होता. विषय हिमनद्यांचे वितळणे. पहिला दिवस ती बोललीच नाही. तिच्या भोवतीची मुले इंग्रजीतून असे झरझर बोलत की तिला आपले वाक्य मनातल्या मनात तीनदा जुळवावे लागे आणि तोवर पाळी निघून जाई. दुसऱ्या दिवशी घोळके जमले तेव्हा नेपाळ आणि बांगलादेश यांच्या प्रतिनिधींबरोबर ती बसली. वरच्या देशात हिमतलाव फुटला तर खालच्या देशाला किती तास आधी कळावे आणि ते कोणी कळवावे, हे कलम तिने लिहिले. अक्षर तिचे, शब्द तिचे. ते अंतिम मसुद्यात गेले आणि संमत झाले. ‘सर्वोत्कृष्ट प्रतिनिधी’ म्हणून एका मोठ्या देशाच्या प्रतिनिधीचा गौरव झाला. मुलगा खरोखर छान बोलत होता, असे तीच सांगते.

घरी आल्यावर वडिलांनी विचारले, “मग भेटलं काय तुले?” ती म्हणाली, “बाबा, आमच्या ठरावातलं चौथं कलम माझं होतं.” वडिलांना ते बक्षिसाइतके मोठे वाटले नाही आणि त्यांनी तसे मला फोनवर सांगितलेही. त्यांच्या जागी मी असतो तर ते कलम एका कागदावर लिहून दुकानाच्या भिंतीवर लावले असते. निदान तिला एकदा वाचून दाखवायला तरी सांगितले असते. परिषदेहून आलेल्या मुलांना आपण काय मिळाले हे विचारतो. तुझ्या गटात कोण होते, कोणाचे ऐकून तू आपले मत बदललेस, तुझे वाक्य कोणी खोडले आणि ते खोडले हे बरे झाले की वाईट, हे विचारून पाहावे. मुले या प्रश्नांची उत्तरे फार मोकळेपणाने देतात.

परगावच्या परिषदेचा खर्च सर्वांना झेपत नाही, तेव्हा अशी सभा आपल्याकडेच भरवावी, असे आमच्या पाठशाळेच्या शिक्षकांनी सुचवले आहे. विषयासाठी राष्ट्रसंघाकडे पाहण्याचे कारण नाही. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य शासनाने २०२४ मध्ये मंजुरी दिली. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणातून निघणारे पाणी सव्वाचारशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या कालव्याने नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला अशा जिल्ह्यांतून येत आपल्या मोताळ्याच्या नळगंगा धरणापर्यंत पोचवायचे, अशी ती योजना आहे. गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ ची. त्या धरणात ज्यांची गावे गेली त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजला. कालवा ज्यांच्या शेतातून जाईल त्यांचेही काही म्हणणे असणार. मुलांना देशांऐवजी जिल्हे वाटून द्यायचे. शेतकरी, पाटबंधारे खाते, धरणग्रस्त यांच्या खुर्च्या निराळ्या. दोन दिवस, तीस मुले, जेवण सूर्यास्तापूर्वी. व्यक्तीला बक्षीस नाही. ठरावाच्या प्रत्येक कलमापुढे ते कोणी सुचवले आणि कोणी दुरुस्त केले, ही दोन्ही नावे लिहायची, आणि इतिवृत्त लिहिणाऱ्या मुलाला सभा थांबवून “हे वाक्य पुन्हा सांगा” असे कोणालाही म्हणण्याचा अधिकार द्यायचा.

इतिवृत्तासाठी लाल कापडी बांधणीची वही आणून ठेवली आहे. खुर्च्या कोणी घ्यायच्या हे ठरवायला मुलांची पहिली बैठक गेल्या रविवारी झाली. बुलढाण्याच्या खुर्चीसाठी अकरा नावे आली. भंडाऱ्यासाठी अद्याप एकही नाही.